फर्गस सूटरचे पैसे आणि 'द इंग्लिश गेम'

आजचा विषय एका पाथरवटाचा आहे. त्याचं नाव फर्गस सूटर. जन्म १८५७, ग्लासगो. मृत्यू १९१६, ब्लॅकपूल. टाकी-हातोडा घेऊन दगड घडवणारा हा माणूस फुटबॉलच्या इतिहासात 'पहिल्या व्यावसायिक खेळाडूंपैकी एक' म्हणून ओळखला जातो. आपल्यापैकी बहुतेकांना तो माहीत झाला असेल तो २०२० च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या 'द इंग्लिश गेम' या सहा भागांच्या मालिकेमुळे. 'डाउन्टन ॲबी' लिहिणारे ज्युलियन फेलोज या मालिकेच्या कर्त्यांपैकी एक आहेत.

मला आज या मालिकेविषयी बोलायचं आहे, पण सूटरचं आयुष्य शेजारी ठेवून. एक गोष्ट आधीच सांगतो. मालिकेत तपशील चुकले, एवढीच माझी तक्रार असती तर मी तुमचा तासभर घेतला नसता. ऐतिहासिक कादंबऱ्या वाचत वाढलेले लोक आहोत आपण. कथा करायची म्हटली की तारखा सरकतात, दोन माणसांचा एक माणूस होतो, हे आपण चालवून घेतो. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. तपशील सरकले, ते कुठल्या दिशेला सरकले? सगळे जर एकाच बाजूला कललेले दिसले, तर तिथे नुसती सोय नसते, तिथे एक विचार असतो. तो विचार कोणता, हे बघायचं आहे.

आधी पार्श्वभूमी. सूटर ग्लासगोच्या पार्टिक भागातल्या संघाकडून खेळायचा. हे पार्टिक साधं ठिकाण नाही. ३० नोव्हेंबर १८७२ ला स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला, तो इथल्याच क्रिकेटच्या मैदानावर. निकाल शून्य-शून्य. गोल झाला नाही, पण खेळण्याच्या दोन तऱ्हा समोरासमोर आल्या. इंग्लिश खेळाडू चेंडू पायाशी घेऊन एकटा घुसायचा, बाकीचे त्याच्या मागे. स्कॉटिश खेळाडू चेंडू एकमेकांना देत पुढे सरकायचे. अंगाने दणकट असलेल्याला हुलकावणी द्यायची तर चेंडू त्याच्या बाजूने दुसऱ्याला द्या, इतकी ती साधी अक्कल होती. आज जगभर जो फुटबॉल खेळला जातो तो या दुसऱ्या तऱ्हेचा आहे. त्यामुळे मालिकेचं नाव 'इंग्लिश' असावं, यातच एक गंमत आहे.

आता १८७८ साल. त्या वर्षी दोन घटना घडल्या. लँकेशरच्या कापडगिरण्यांत मालकांनी मजुरी दहा टक्के कापली. संप झाला, टाळेबंदी झाली, ब्लॅकबर्नमध्ये दंगल झाली, गिरणीमालकांच्या एका पुढाऱ्याचं घर जाळलं गेलं. शेवटी कामगार हरले. आणि २ ऑक्टोबरला तिकडे सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. तिच्याबरोबर ग्लासगोतली बांधकामं थंडावली. बांधकाम थंडावल्यावर पाथरवटाने काय करायचं? त्याच वर्षाच्या शेवटी सूटर ग्लासगो सोडून लँकेशरातल्या डार्वेनला आला. त्याचा पार्टिकचा सोबती जिमी लव्ह त्याच्या थोडा आधी तिथे पोचला होता.

डार्वेन हे नाव आपल्याला अगदी परकं नाही. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी गिरणी कामगारांना भेटायला लँकेशरात गेले. त्यांच्याभोवती हसत, हात उंचावून उभ्या असलेल्या बायकांचा फोटो तुम्ही पाहिला असेल. त्या बायका डार्वेनच्या. गावातल्या सर्वांत प्रसिद्ध गिरणीचं नावच इंडिया मिल. म्हणजे हिंदुस्थानच्या बाजारावर जगणारं, सूत आणि कापड यांवर उभं असलेलं हे गाव. गिरणगाव म्हणजे काय हे मुंबईकराला समजावून सांगावं लागत नाही.

अशा गावाचा संघ फेब्रुवारी १८७९ मध्ये एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचला. समोर ओल्ड ईटोनियन्स, म्हणजे ईटन शाळेतून शिकून बाहेर पडलेले बडे लोक. सामना लंडनला. डार्वेन पाच-एकने मागे. शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत त्यांनी चार गोल केले. पाच-पाच! जादा वेळ खेळू या म्हटलं, तर ईटोनियन्सनी नकार दिला. नियम असा, की पुन्हा सामना तोही लंडनलाच. कामगारांनी पुन्हा वर्गणी काढली, पुन्हा रजा, पुन्हा बुडालेला पगार, पुन्हा आगगाडी. दोन-दोन बरोबरी. तिसऱ्यांदा गेले आणि सहा-दोनने हरले. मालिकेने या लढतीपासून सुरुवात केली आहे आणि ते चांगलंच केलं आहे. दमलेले पाय आणि भरल्या पोटाचे पाय यांतला फरक तिथे डोळ्यांना दिसतो. व्याख्यान न देता दिसतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सूटरला पैसे मिळत होते का? मिळत होते. त्याने पुढे अनेक वर्षांनी स्वतःच सांगितलं आहे. तो म्हणतो, इंग्लंडचा दगड मला फार कठीण लागला, काम करताना हात सुजायचे, म्हणून ते काम सोडलं. ठरलेला पगार असा नव्हता. गरज लागली की खजिनदाराची गाठ घ्यायची. तीन-तीन आठवडे काहीच घ्यायचं नाही, मग दहा पौंड मागायचे. अडचण कधी आली नाही.

या बोलण्यात एक मोकळेपणा आहे. त्यात लाज नाही, कुठली करुण कहाणी नाही. एका कुशल कारागिराने एक काम सोडलं आणि दुसरं धरलं. पहिल्यात हात सुजत होते, दुसऱ्यात पाय चालत होते. एवढंच.

मालिकेला मात्र हे एवढंच पुरलं नाही. तिथे सूटरला एक बाप दिला आहे. दारुडा, घरच्यांना मारणारा. आई आणि बहिणी त्याच्या तावडीत. सूटर डार्वेन सोडून जास्त पैशांसाठी ब्लॅकबर्नच्या संघात जातो, ते आई-बहिणींना त्या घरातून सोडवण्यासाठी. त्याचे सोबती त्याला फितूर म्हणतात. तो मुकाट सहन करतो, आणि खरं कारण कळल्यावर आपल्याला गहिवरून येतं.

आता बघा, काय झालं. मालिका वरवर बघता कामगाराच्या बाजूची आहे. खेळाडूला पैसे मिळायला हवेत, असं ती म्हणते. पण तिच्या नायकाने पैसे घेतले, हे आपल्याला पटावं म्हणून तिला एक असहाय आई उभी करावी लागते. म्हणजे माणसाने आपल्या कौशल्याचे पैसे केवळ त्या कौशल्याला किंमत आहे म्हणून घेतले, हे तिला पुरेसं वाटत नाही. पैसे घेणं हा मुळात एक डाग आहे आणि तो धुवायला त्याग लागतो, असं ती गृहीत धरते. मित्रहो, हे गृहीतक कोणाचं? ते नेमकं ओल्ड ईटोनियन्सचं आहे. ज्यांच्याविरुद्ध मालिका उभी राहते, त्यांच्याच नीतीने ती आपल्या नायकाला तोलते.

ही नीती आपल्या ओळखीची आहे. आपल्याकडे 'हौशी' हा शब्द आहे. हौशी रंगभूमी, व्यावसायिक रंगभूमी. 'हौशी' म्हटलं की डोळ्यांसमोर प्रेम येतं, 'व्यावसायिक' म्हटलं की गल्ला. आणि या दोघांच्या मधे आपण एक फार हुशार शब्द ठेवला आहे. तो म्हणजे मानधन. व्याख्यात्याला मजुरी देत नाहीत, मानधन देतात. (हशा) धन तेच, पण पुढे 'मान' लावला की घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा दोघांचा संकोच जातो. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्येही हाच संकोच होता, पण तो सगळ्यांना सारखा परवडत नव्हता. ज्याच्या घरी जमीन आणि बँक आहे, त्याला हौस परवडते. शनिवारचा पगार बुडवून आगगाडीत बसणाऱ्याला ती किती दिवस परवडणार? १८८२ साली एफएने नियमच केला, की प्रत्यक्ष खर्च आणि बुडालेली मजुरी यांपलीकडे काही घेईल तो खेळाडू बाद. वरून हा नियम सगळ्यांना सारखाच. पण त्याचा भार कोणावर पडणार होता, हे उघड आहे.

या नियमाचा आणखी एक परिणाम झाला, आणि चरित्र लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. पैसे लपवावे लागले. त्यामुळे हिशेब लिहिले गेले नाहीत, पावत्या नाहीत. खजिनदार आणि खेळाडू यांच्यात उभ्याउभ्या व्यवहार. म्हणून 'पहिला व्यावसायिक कोण' हा प्रश्न शर्यतीसारखा सोडवता येत नाही. सूटरच्या आधी, १८७६ साली, जेम्स लँग नावाचा आणखी एक स्कॉटिश खेळाडू शेफिल्डच्या वेन्स्डे संघात आला. त्याला एका डोळ्याने दिसत नव्हतं, आणि ते त्याने जगाला कळू दिलं नाही. त्याला चाकूच्या कारखान्यात नोकरी दिली होती. काम काय, तर काहीच नाही. बसून वर्तमानपत्र वाचायचं आणि शनिवारी खेळायचं. तेव्हा 'पहिला' हा किताब जरा सैल हातानेच धरावा. सूटरचं महत्त्व पहिलेपणात कमी आणि त्याच्या उघडपणात जास्त आहे. काम करत नाही आणि खेळतो, हे अख्ख्या गावाला दिसत होतं.

आणि म्हणून सूटरच्या आयुष्यात जागोजागी रिकाम्या जागा आहेत. त्या बंदीने पाडलेल्या आहेत. मालिकेसमोर खरं आव्हान हे होतं, की ही लपवाछपवी दाखवायची. खजिनदाराचं दार, तीन आठवड्यांची वाट, मग दहा पौंड. यात नाट्य नाही असं कोण म्हणेल? मालिकेने त्या जागी कौटुंबिक दुःख भरलं.

दुसरा बदल कपाचा. मालिकेत शेवटी 'ब्लॅकबर्न' नावाचा संघ ईटोनियन्सना हरवून कप जिंकतो आणि सूटर त्या संघात असतो. प्रत्यक्षात ब्लॅकबर्नमध्ये तेव्हा एकाहून जास्त संघ होते. सूटर १८८० साली गेला तो ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे. रोव्हर्स १८८२ चा अंतिम सामना ईटोनियन्सकडून एक-शून्यने हरले. पुढच्या वर्षी, १८८३ ला, ईटोनियन्सना दोन-एकने हरवून कप उत्तरेत नेला तो ब्लॅकबर्न ऑलिम्पिकने. विणकर, सूत कातणारा, लोखंडकाम करणारा, नळकाम करणारा कप्तान, अशी ती माणसं. स्थानिक ओतशाळेच्या मालकाच्या पैशावर ब्लॅकपूलला जाऊन त्यांनी सराव केला होता. संघात एकही स्कॉटिश खेळाडू नव्हता.

दोन संघांचा एक केला, त्यात काय बिघडलं, असं कोणी म्हणेल. सांगतो काय बिघडलं. एकदा पगार कायदेशीर झाले, तसे ते वाढले. रोव्हर्सना ते झेपले, ऑलिम्पिकला झेपले नाहीत. १८८८ साली बारा संघांची फुटबॉल लीग सुरू झाली, त्यात रोव्हर्स होते, ऑलिम्पिक नव्हते. १८८९ साली ऑलिम्पिक बंद पडलं. कप पहिल्यांदा उत्तरेत आणणारा संघ सहा वर्षांत संपला. व्यावसायिक खेळाने कामगाराला मजुरी दिली हे खरं, आणि त्याच खेळाने कामगारांचा एक संघ गिळला हेही खरं. दोन्ही एकत्र धरली तर गोष्ट मोठी होते. मालिकेने ऑलिम्पिकचा विजय सूटरला दिला आणि ऑलिम्पिकचा मृत्यू कोणालाच दिला नाही. व्यवसाय आला म्हणजे सगळे जिंकले, असा मग शेवट करता येतो.

आणि गंमत अशी, की सूटरला उसना विजय देण्याची गरजच नव्हती. त्याने रोव्हर्सकडून १८८४, १८८५ आणि १८८६ असे सलग तीन कप जिंकले. यांतले पहिले दोन तर पैसे घेणं नियमाबाहेर असतानाचे. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर होता ग्लासगोचा क्वीन्स पार्क, कडक हौशी बाण्याचा संघ. ग्लासगोचा पैसेवाला पाथरवट ग्लासगोच्याच हौशी संघाला हरवतो! पण तिथे ईटोनियन्स नव्हते, आणि या मालिकेला समोर इंग्लिश उमराव हवाच होता.

तो उमराव म्हणजे आर्थर किनेर्ड. तिसरा बदल त्याच्याभोवती आहे. किनेर्ड हा मोठाच माणूस. नऊ अंतिम सामने खेळला, पाच जिंकला, पुढे १८९० पासून १९२३ पर्यंत, मरेपर्यंत, एफएचा अध्यक्ष. मालिकेत तो हळूहळू बदलतो. गिरणी कामगारांचं जगणं बघतो, त्याची बायको त्याचे डोळे उघडते, आणि शेवटी कामगारांच्या संघाला न्याय मिळावा म्हणून उभा राहतो. एडवर्ड होलक्रॉफ्टने ही भूमिका इतकी संयमाने केली आहे, की केव्हा एकदा आपण किनेर्डच्या बाजूने विचार करू लागतो ते कळतही नाही. आणि हीच अडचण आहे. मालिकेचा सगळा भावनिक भार या मनपरिवर्तनावर आहे. न्याय वरून खाली येतो. चांगल्या घरातल्या चांगल्या माणसाला वाटलं, म्हणून आला.

प्रत्यक्षात काय झालं? जानेवारी १८८४ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंडविरुद्ध लंडनच्या अप्टन पार्क संघाने तक्रार केली, की हे खेळाडूंना पैसे देतात. प्रेस्टनचे विल्यम सडेल यांनी नाकारलं नाही. सगळेच करतात, असं सरळ सांगितलं. प्रेस्टन कपातून बाद झालं. एफएने आणखी कडक नियम आणायला घेतले, तेव्हा ऑक्टोबर १८८४ मध्ये उत्तरेचे संघ एकत्र आले आणि त्यांनी वेगळी संघटना काढण्याची तयारी केली. खेळच दुभंगणार अशी वेळ आली. एफएचे सचिव चार्ल्स अल्कॉक हे व्यवहारी गृहस्थ, त्यांना वारा कळला. २० जुलै १८८५ ला व्यावसायिक खेळाला मान्यता मिळाली. तीही अटी घालून. कपात खेळायचं तर तो व्यावसायिक मैदानापासून सहा मैलांच्या आत जन्मलेला हवा किंवा दोन वर्षं तिथे राहिलेला हवा. मन वितळल्यावर असल्या अटी घालत नाहीत. त्या घासाघीस करून दिलेल्या सवलतीला असतात. मालिकेत उत्तरेच्या संघांचा दबाव अगदीच नाही असं नाही, पण आपल्या मनात राहतो तो किनेर्डचा चेहरा.

तीन बदल झाले. बाप आणला, म्हणून पैसे घेणं क्षम्य झालं. ऑलिम्पिक पुसलं, म्हणून पैशाची किंमत कोणाला मोजावी लागली ते दिसेनासं झालं. किनेर्डला मध्यभागी आणलं, म्हणून हक्काची कृपा झाली. तिन्ही एकाच बाजूला कलतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की ही कामगाराची गोष्ट मालकाच्या दिवाणखान्यात बसून सांगितलेली आहे. सांगणारा मायाळू आहे, पण तो तिथेच बसलेला आहे.

मालिकेने हातातून घालवलेला एक प्रसंग सांगतो. किनेर्डचा जन्म लंडनचा. घराणं स्कॉटिश, म्हणून १८७३ साली तो स्कॉटलंडकडून आंतरराष्ट्रीय सामना खेळला. सूटर ग्लासगोत जन्मला, तिथेच खेळ शिकला, तीन कप जिंकला. तो स्कॉटलंडकडून कधीच खेळला नाही. तिकडच्या संघटनेने व्यावसायिकता मान्य केली ती १८९३ साली. इंग्लंडमध्ये खेळणारे स्कॉटिश खेळाडू राष्ट्रीय संघात पहिल्यांदा घेतले ते १८९६ साली. तोवर सूटरचे पाय थकले होते. घराण्यावर देश मिळतो आणि मजुरीवर देश जातो, हे ज्या मालिकेला दाखवता आलं असतं तिने बापाची दारू दाखवली.

आणि शेवट. १८८८ साली लीग सुरू झाली, पैसे उघड झाले, मानाचे झाले. ज्या व्यवस्थेसाठी सूटरसारख्यांनी शिव्या खाल्ल्या, त्या व्यवस्थेत तो किती खेळला? एक सामना. २२ डिसेंबर १८८८, वेस्ट ब्रॉमविच अल्बियनविरुद्ध, नेहमीच्या गोलरक्षकाच्या जागी, गोलात उभा राहून. पुढे तो पब चालवू लागला. जिमी लव्हचं तर त्याहून आधीच आटोपलं होतं. तो सैन्यात गेला आणि १८८२ साली इजिप्तमध्ये तापाने मेला. विशीतच. ब्रिटिश साम्राज्याच्या एका लढाईत कुठेतरी पुरलेला हा मुलगा म्हणजे त्या काळच्या कुशल पायांना बाजारात किती आधार होता, त्याचं उत्तर आहे.

तरी मालिका बघू नका, असं मी म्हणणार नाही. बघा. पहिल्या भागातली ती लंडनची लढत बघा, चेंडू एकमेकांना देण्याची कल्पना गिरणी कामगारांना पहिल्यांदा समजते ते बघा. फक्त सूटरला पैसे मिळतात तेव्हा तुमच्या मनात 'बिचारा, आईसाठी घेतले' असं आलं, तर क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, की आईसाठी घेतले नसते तर चाललं नसतं का? एखाद्या नटाने, तबलजीने, पैलवानाने, व्याख्यात्याने आपल्या कामाचा आकडा स्पष्ट सांगितला की आपल्या कपाळाला जी बारीक आठी पडते, ती तपासायला ही मालिका उपयोगी आहे. सूटरने खजिनदाराकडे जाऊन दहा पौंड मागितले होते. त्याला कारण विचारलं गेलं नाही. आपणही विचारू नये.

इथे थांबतो.